कुत्र्याला कोणतं फळ चालतं, कोणतं नाही : सीताफळ, चिंच आणि द्राक्षं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

आजचा विषय वाचून काही जण गालात हसले असतील. पाण्यावर, पिकावर, गाई-म्हशींवर व्याख्यानं होतात, कुत्र्याच्या खाण्यावर कशाला? पण आपल्या बीड जिल्ह्यात आखाड्यावर, वस्तीवर, शेळ्यांच्या कळपामागं कुत्रं असतंच. रात्रीची राखण तेच करतं. बैलाला काय घालायचं, काय नाही, हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवलं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र एकच नियम आहे : उरलंसुरलं टाकायचं. त्या उरल्यासुरल्यात फळंही येतात, म्हणून आज फळांबद्दल बोलू.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मधेच उठून जावं लागलं तरी हरकत नाही. आपल्याकडं लोक सीताफळाला घाबरतात. सीताफळाचा गर कुत्र्याला विषारी नाही, जपायचं ते बियांना. खरा धोका आहे तो द्राक्षं, मनुके, बेदाणे यांचा, आणि आपल्या घरात वर्षभर बरणीत भरून ठेवलेल्या चिंचेचा. चिंचेचं नाव यात कुणी घेत नाही, म्हणून आज तिच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहोत.

फळ तपासायचं कसं

कोणतंही फळ कुत्र्यापुढं टाकण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. पहिली, गर. दुसरी, बी किंवा कोय. तिसरी, साल. आणि चौथी, कुत्र्याचं वजन.

आपण फळ खाताना बी थुंकतो, साल सोलतो. कुत्रं असलं काही करत नाही. ते एक-दोनदा चावतं आणि गिळतं. त्यामुळं आपल्या पोटात कधीच न जाणारा भाग त्याच्या पोटात जातो. वजनाचं म्हणाल तर साठ किलोच्या माणसाला मूठभर म्हणजे चाखण्यापुरतं. तेच पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला चौपट पडतं, आणि दोन किलोच्या पिल्लाला तीसपट. 'मी खाल्लं, मला काही झालं नाही' हा हिशेब इथं लागू होत नाही.

आणखी एक. माणसाचं आणि कुत्र्याचं शरीर आतून सारखं नाही. आपण चवीनं खातो तो कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. चॉकलेट आपल्याला गोड, त्याच्या हृदयाला घातक. काही फळांचंही तसंच आहे.

सीताफळ : भीती कुठं खरी, कुठं खोटी

सीताफळ हे आपल्या जिल्ह्याचं फळ. बालाघाटच्या डोंगररांगांत, धारूर, अंबाजोगाई, पाटोदा भागात ते रानात आपोआप येतं. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पावसाळा सरताना आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोपल्याच्या टोपल्या भरतात. पिकून फुटलेली फळं झाडाखाली पडतात आणि कुत्री ती खातात.

गरात मुख्यतः साखर आणि तंतू. एखाद्या फळाचा गर खाल्ला तर निरोगी कुत्र्याला काही होत नाही. फार खाल्लं तर पोट बिघडेल, पातळ होईल. एवढंच.

बीचं मात्र वेगळं आहे. सीताफळाच्या बीत अ‍ॅसिटोजेनिन नावाच्या गटातली द्रव्यं असतात. ही द्रव्यं पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतात. म्हणून तर या बियांची पूड कीड मारायला वापरतात, आणि आजीच्या काळापासून उवांसाठी डोक्याला लावतात. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. उवांसाठी पूड लावून डोळ्यांना इजा झाल्याची प्रकरणं भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेली आहेत.

मग कुत्र्यानं बियांसकट फळ खाल्लं तर? बीचं कवच टणक आणि गुळगुळीत असतं. अख्खी गिळलेली बी बहुतेक वेळा तशीच शेणावाटे बाहेर पडते. धोका आहे तो चावून फोडलेल्या बियांचा. लहान कुत्र्यानं खूप बिया गिळल्या तर आतडं तुंबण्याचाही धोका असतो. त्यामुळं सीताफळ द्यायचंच असेल तर गर काढून, बिया वेगळ्या करून, चमचा-दोन चमचे द्या. रामफळ त्याच कुळातलं, त्यालाही हाच नियम.

इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे. गोचिडांसाठी म्हणून काही जण कुत्र्याच्या अंगाला सीताफळाच्या बियांची पूड किंवा पाल्याचा लेप लावतात. गाय अंग चाटते तेवढी, कुत्रं त्याहून जास्त चाटतं. लावलेलं औषध थेट पोटात जातं, आणि चाटता चाटता डोळ्यांतही जातं. रानातलं पडकं सीताफळ खाण्यापेक्षा हा लेप कितीतरी धोक्याचा. गोचिडांवर कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं मिळतात, ती डॉक्टरांना विचारून वापरा.

द्राक्षाचं कोडं

आता मुख्य भागाकडं येऊ. चिंचेकडं जायचं तर वाट द्राक्षातून जाते, म्हणून आधी द्राक्ष.

द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांच्या किडन्या अचानक निकामी होतात, हे अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्राच्या तज्ज्ञांनी 2001 साली पशुवैद्यकीय नियतकालिकात मांडलं. त्याआधी हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. ध्यानात आल्यावरही कोडं सुटेना. एक कुत्रं वाटीभर द्राक्षं खाऊन ठणठणीत, दुसरं मूठभर बेदाण्यांनी मरणाच्या दारात. फवारणीच्या औषधामुळं होतं का? बुरशीमुळं? प्रत्येक शंका तपासली गेली. घरच्या बिनफवारणीच्या द्राक्षांनीही कुत्री आजारी पडली होती, त्यामुळं औषधाचा संशय मागं पडला. पण नेमकं द्रव्य वीस वर्षं सापडलं नाही.

धागा सापडला तो भलतीकडंच. तिकडं लहान मुलांना खेळायला घरीच कणकेचा रंगीत गोळा करतात. त्यात क्रीम ऑफ टार्टर नावाची पांढरी पूड घालतात. ती द्राक्षरसाच्या पिंपात तळाशी बसणाऱ्या क्षारापासून होते. एका कुत्र्यानं तो गोळा खाल्ला आणि त्याला हुबेहूब द्राक्षासारखी विषबाधा झाली. मग तज्ज्ञांच्या डोक्यात उजेड पडला : दोन्हींत सारखं काय? टार्टारिक आम्ल. 2021 साली त्यांनी हा विचार मांडला. पुढच्या वर्षी त्याला जोड देणारी प्रकरणं प्रसिद्ध झाली. त्यांत क्रीम ऑफ टार्टर खाल्लेली कुत्री होती, आणि चिंच खाल्लेलीही.

एवढ्यावर शास्त्रज्ञ थांबले नाहीत. प्रयोगशाळेत कुत्र्याच्या किडनीच्या पेशींवर टार्टारिक आम्ल सोडलं, त्या मेल्या. माणसाच्या किडनीच्या पेशींवर सोडलं, त्या टिकल्या. असं का? किडनीच्या पेशींना अशी आम्लं आत-बाहेर करणारी दारं असतात, असं समजा. माणसाच्या पेशीत आम्ल बाहेर सोडणारं एक दार आहे, ते कुत्र्याच्या पेशीत नाही. आम्ल आत येतं, साचतं आणि पेशीला मारतं. कुत्र्याच्या पेशींत माणसाचं ते दार बसवून पाहिलं, तेव्हा त्या पेशीही वाचल्या.

आता द्राक्षाचा लहरीपणाही समजतो. द्राक्षाच्या जातीप्रमाणं, पिकण्याप्रमाणं त्यातलं आम्ल कमी-जास्त होतं. नोंदवलेल्या प्रकरणांत किलोमागं सुमारे 20 ग्रॅम द्राक्षं किंवा सुमारे 3 ग्रॅम बेदाणे एवढ्यावरही किडनीला इजा झालेली आहे. म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला 45 ग्रॅम बेदाणे, एक भरगच्च मूठ. अमुक इतके चालतील अशी सुरक्षित मात्रा कुणी सांगू शकत नाही. म्हणून द्राक्षं-बेदाणे द्यायचेच नाहीत, हा सरळ नियम.

आपल्याकडं बेदाणे सणासुदीच्या शिऱ्यात, शिरखुर्म्यात, सुक्या मेव्याच्या पुड्यात असतात. उरलेला प्रसाद कुत्र्याला घालताना बेदाणे वेचून काढा, नाहीतर घालूच नका. आणि आपली ऊसतोडीला जाणारी मंडळी, तुमच्यासाठी खास. दिवाळीनंतर कोयता घेऊन सोलापूर, सांगलीकडं जाता. गाडीच्या बुडाशी चालत कुत्रंही येतं. तिथं कोपीच्या शेजारी उसाचा फड असतो, तशी द्राक्षाची बागही असते. छाटलेले घड, गळालेले मणी बांधावर पडलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडं कुत्र्याला मोकळं सोडताना हे डोक्यात ठेवा.

चिंच : आपल्या अंगणातला धोका

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात एक तक्ता होता, आठवतो का? लिंबात सायट्रिक आम्ल, दह्यात लॅक्टिक आम्ल आणि चिंचेत टार्टारिक आम्ल. तेच हे आम्ल.

द्राक्षात ते शंभर ग्रॅममागं साधारण एखादा ग्रॅम, क्वचित दोन. चिंचेच्या गरात शंभर ग्रॅममागं 8 पासून 18 ग्रॅमपर्यंत. आपल्या बायका आमटीला 'लिंबाएवढी चिंच' असं माप सांगतात. ते 25-30 ग्रॅम धरलं, तर ढोबळ हिशेबानं त्यात पाव किलो द्राक्षांएवढं, किंवा त्याहून जास्त, टार्टारिक आम्ल असतं. आणि द्राक्ष पिकताना आंबटपणा कमी होतो, तसं चिंचेचं होत नाही. पिकलेली चिंच गोडसर लागते ती साखर वाढल्यामुळं. आम्ल आत तसंच राहतं.

तुम्ही म्हणाल, कुत्रं कुठं चिंच खातं? नुसती चिंच बहुतेक कुत्री हुंगून सोडून देतात, हे खरं. पण चिंच आपल्या घरात नुसती असते कुठं?

उन्हाळ्याच्या तोंडाला चिंचा झोडपायच्या, टरफलं काढायची, फोडून चिंचोके वेगळे करायचे, हे काम बायका अंगणात, ओसरीवर बसून करतात. मग फोडलेल्या चिंचेला मीठ लावून गोळे करून ठेवतात. कुत्रं तिथंच सावलीला पडलेलं. मीठ लावलेला गोळा त्याला चाटावासा वाटतो. पोरं चिंच-गुळाच्या गोळ्या करतात. गुळाच्या गोडीनं कुत्रं ती सहज खातं. कोळ काढून उरलेला चोथा खरकट्याच्या बादलीत जातो, आणि तीच बादली कुत्र्यापुढं रिकामी होते. आंबट-गोड चटणीचं भांडं चाटायला ठेवलं जातं. असं कळत-नकळत पोटात जातं.

घाबरवायचं म्हणून सांगत नाही. ताटातल्या कटाच्या आमटीत कालवलेला भाकरीचा एखादा तुकडा खाल्ला, म्हणून दवाखाना गाठायची गरज नाही. त्यात चिंच फार थोडी असते. पण चिंचेचा गोळा, घट्ट कोळ, चोथा, चिंच-गूळ, चटणी या गोष्टी कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नयेत. आमटी-भाकरीच घालत असाल तर एक सोपी सवय लावा. डाळ शिजली की चिंच, कांदा, लसूण, तिखट पडायच्या आधी कुत्र्याच्या वाट्याची डाळ बाजूला काढा. खर्च शून्य.

बाकीची फळं, थोडक्यात

केळी, पपई, टरबूज, खरबूज, पेरू, चिकू, सफरचंद : गर चालतो. पपई, टरबूज, चिकू यांच्या बिया आणि साली काढा. सफरचंदाच्या बिया चावल्या तर त्यांतून सायनाइड सुटतं. एखाद-दुसऱ्या बीनं काही होत नाही, पण देठाकडचा गाभा टाकून देणं बरं.

आंबा : गर चालतो, कोय अजिबात नाही. कोय चोखायला कुत्र्याला आवडते. ती गिळली की आतड्यात अडकते आणि ऑपरेशनशिवाय निघत नाही. उलट्या थांबत नाहीत, शी होत नाही, पोट दुखतंय असं दिसलं तर आधी कोयीची शंका घ्या. बोराची आठळी लहान असते, पण ढिगानं खाल्ली तर लहान कुत्र्याला तीही भारी पडते.

मोसंबी, संत्रं, लिंबू : यांत सायट्रिक आम्ल आहे, किडनीचा तो धोका नाही. पण सालीतल्या तेलानं पोट बिघडतं. डाळिंबानंही पुष्कळ कुत्र्यांना उलट्या होतात, मुद्दाम देऊ नका.

आणि चालणारी फळंसुद्धा खाऊ म्हणून. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

खाल्लंच तर काय करायचं

द्राक्षं, बेदाणे किंवा चिंच खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट बघू नका. पहिले दोन तास सोन्याचे. तेवढ्यात डॉक्टर सुईनं उलटी करवून पोट रिकामं करू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका. मिठानं वेगळीच विषबाधा होते, आणि पाणी फुप्फुसात गेलं तर आणखी बिकट.

किती खाल्लं, केव्हा खाल्लं, कुत्र्याचं वजन किती, या तीन गोष्टी डॉक्टरांना सांगा. उलटीत काही पडलं असेल तर दाखवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या फोनवर सल्ला विचारता येतो. गंभीर अवस्थेत आपल्याला जवळची पशुवैद्यकीय महाविद्यालयं म्हणजे परभणी आणि उदगीर.

काही वेळा पहिल्या दिवशी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ठीक येतं, आणि माणूस निर्धास्त होतो. तिथं फसू नका. किडनीची इजा रक्तात दिसायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून सलाईन किमान दोन दिवस आणि तपासणी पुन्हा. लघवी होतेय की नाही, यावर नजर ठेवा. लघवी बंद पडली तर वाचण्याची आशा फार कमी होते.

आता हा दोन-तीन दिवसांचा फरक का महत्त्वाचा, ते ऐका. सोमवारी कुत्र्यानं चिंचेचा चोथा खाल्ला. रात्री उलटी केली. कुत्री उलट्या करतातच, कुणी लक्ष दिलं नाही. मंगळवारी सुस्त, अन्नाला तोंड लावेना. बुधवारी-गुरुवारी मेलं. तोवर सोमवारचा चोथा कुणाला आठवणार? गावात अशा वेळी एकच वाक्य ऐकू येतं : 'कुणीतरी विष घातलं.' मग बांधाच्या शेजाऱ्यावर संशय, बोलाचाली बंद. कुत्र्यांना विष घालणारे लोक असतात, हे नाकारत नाही. पण प्रत्येक मेलेल्या कुत्र्यामागं माणूस नसतो. आधी आपली खरकट्याची बादली आठवून बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका मावशींनी विचारलंय : आमचं कुत्रं दहा वर्षं आमटी-भाकरी खातंय, त्याला कसं काही झालं नाही?*

मावशी, आमटीत चिंच पातळ होते, हे आपण पाहिलंच. शिवाय प्रत्येक कुत्रं सारखं नसतं. पण तुमच्या कुत्र्याला झालं नाही, याचा अर्थ शेजारच्या पिल्लाला होणार नाही असा नाही. आणि गावठी कुत्रं काटक असलं तरी त्याच्या किडनीत ते दार नाहीच.

*शेळ्या चिंचेचा पाला खातात, त्यांना का होत नाही?*

शेळी रवंथ करणारं जनावर. तिच्या पोटात आधी जंतू काम करतात, मग पुढचं पचन. तिचं शरीर वेगळं, कुत्र्याचं वेगळं. शेळीला चालतं म्हणून कुत्र्याला, आणि कुत्र्याला चालत नाही म्हणून शेळीला, असे दोन्ही हिशेब चुकीचे.

*गाभण कुत्री असेल तर फळं द्यावीत का?*

केळी, पपईचा पिकलेला गर थोडा द्यायला हरकत नाही. पण तिला फळापेक्षा अंडं, दूध सोसत असेल तर दूध, डाळ-भाकरी यांची गरज जास्त. आणि पिल्लं रांगायला लागली की चिंचेची बरणी, मेव्याचा डबा उंचावर ठेवा. त्यांच्या वजनाला दोन-चार बेदाणेही पुष्कळ झाले.

*एका मुलानं विचारलंय : मग कुत्र्याला खाऊ म्हणून काय देऊ?*

बाळा, केळ्याच्या दोन चकत्या दे, टरबुजाची बी काढलेली फोड दे. आणि तू चिंच-गूळ खाशील तेव्हा तो तूच खा, त्याला नको.

वेळ संपत आली आहे, इथं थांबू. घरी गेल्यावर खरकट्याची बादली कुठं रिकामी होते, तेवढं आज बघा.